एक्केचाळीस पानं

१

प्रभाकर दातारांच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण नाहीसं झालंय, हे बुधवारी सकाळी साडेनऊला कळलं. दहा वाजायच्या आत चोर कोण, हेही गल्लीनं ठरवून टाकलं.

नवीन पनवेलची ती गल्ली म्हणजे बैठ्या जोडघरांची एकच रांग. दातारांच्या भिंतीला भिंत लावून सुमती चाफेकर राहायच्या. वय त्रेसष्ट. मुंबईच्या एका छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं, आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी त्यांची ख्याती होती. पलीकडून चढा आवाज आला तेव्हा त्या दूध तापवत होत्या. गॅस बंद करून त्या तशाच निघाल्या.

दातारांच्या बैठकीत प्रकाशक प्रदीप नाबर रिकामी पिशवी धरून उभा होता. हस्तलिखित न्यायला तो दादरहून पहाटेच निघाला होता. टेबलावर दहा प्रकरणांचे दहा गठ्ठे हिरव्या टॅगनं बांधून ओळीनं मांडलेले होते. अकराव्याच्या जागी नुसतं लाकूड दिसत होतं.

"एक्केचाळीस पानं, बाई," प्रदीप म्हणाला. "शिवाय मागे लावलेल्या पत्रांच्या झेरॉक्स. ज्याच्यासाठी पुस्तक काढायचं तेवढंच नेमकं गेलं."

"दुसरी प्रत?"

"काका कधी दुसरी प्रत करतात का? कार्बन लावला की म्हणे हात अडतो."

प्रभाकरराव आरामखुर्चीत बसले होते. या माणसानं चाळीस वर्षं बातमीदारी केली, भल्याभल्यांची झोप उडवली. 'सहीचे धनी' या पहिल्या पुस्तकात त्यांनी अधिकाऱ्यांच्या मनमानीची लक्तरं वेशीवर टांगली होती, दुसऱ्यात मंत्र्यांच्या मर्जीतल्या पाहुण्यांची. तिसरं होतं 'अभयाची भिंत'. परदेशी वकिलातींतले जे लोक पोलिसांच्या हाताला लागू शकत नाहीत, ते त्या अभयाच्या आड काय काय करतात, त्याचं हे पुस्तक. शेवटचं प्रकरण होतं रमाचं. रमा पेण बाजूची. आखातातल्या एका राज्याच्या वाणिज्यदूताकडे मुंबईत घरकामाला होती. घरी जायचं म्हणाली, तर त्यानं तिच्यावर घड्याळ चोरल्याचा आळ घेतला आणि चार महिने कोंडून ठेवलं. आपल्याकडच्या साहेबांना सगळं ठाऊक होतं, पण संबंध बिघडायला नकोत म्हणून सगळे मूग गिळून बसले. हे प्रकरण उभं करायला प्रभाकररावांची सहा वर्षं गेली होती.

आणि आता ते काहीच बोलत नव्हते. चोरी झालेला माणूस शिव्या तरी देतो. सुमतीबाईंना ते जरा खटकलं, पण धक्का बसला असेल असं म्हणून त्यांनी सोडून दिलं.

२

"काल दुपारी चारला पानं इथंच होती," सुमतीबाई म्हणाल्या. "मी चहाला आले होते. झालं का वाचून, असं मी विचारलं, तर हे म्हणाले, आत्ताच परत एकदा वाचून काढलं, आतल्या टेबलावर आहे. हो ना हो, प्रभाकरराव?"

"हो," ते म्हणाले. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "हो."

हे एक वाक्य सुमतीबाई बोलल्या आणि दातारांकडे कामाला येणाऱ्या ठकीच्या गळ्याला फास बसला. सोमवारी संध्याकाळी घरात दोघं येऊन गेली होती. एक प्रदीप. वकिलानं त्याला घाबरवलं होतं, आणि शेवटचं प्रकरण थोडं सौम्य करा म्हणून तो विनवायला आला होता. दुसरी सून चारुता. तिचा नवरा, म्हणजे प्रभाकररावांचा मुलगा सत्यजीत, आखातातल्या त्याच राज्यात नोकरीला होता, आणि ती सात वर्षांच्या आभाला घेऊन खांदा कॉलनीत राहायची. सासऱ्यांचं हे पुस्तक तिला मुळीच नको होतं. पण मंगळवारी दुपारी चारला पानं जागेवर असतील, तर सोमवारी आलेली ती दोघं आपोआप सुटली. त्यानंतर त्या घरात पाऊल पडलं ते एकट्या ठकीचं. संध्याकाळी सहाला ती भांडी घासून गेली होती. आणि आज बुधवार, आज ठकीचा पत्ताच नव्हता.

"रद्दीत घातली असतील," प्रदीप म्हणाला. "नाहीतर घरी नेऊन चुलीत."

सोसायटीचे सेक्रेटरी तुळशीराम म्हात्रे आवाज ऐकून आलेच होते. निर्णय घ्यायची संधी हा माणूस सहसा सोडत नसे. "आजपासून वीटभट्टीवरची एक पण बाई गल्लीत नको," ते म्हणाले. "दातारसाहेबांसारख्या मानसाच्या घरात हात घालतात, मंग आमचं काय?"

ठकी धरून भट्टीवरच्या तीन बाया त्या गल्लीत कामाला होत्या. तिघींच्या पोटावर पाय आला. सगळ्यांनी प्रभाकररावांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

सुमतीबाई घरी आल्या. दूध निवलं होतं. दुपारी चार वाजले तेव्हा त्या सवयीनं चप्पल घालायला गेल्या आणि मधेच थांबल्या. शशिकलाबाई, म्हणजे प्रभाकररावांची बायको, तीन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून रोज चार वाजता सुमतीबाई पलीकडे जात, प्रभाकरराव चहा करत, आणि लिहिलेली पानं त्यांना वाचायला देत. चोवीस तासांत त्यांच्याशी कुणी आपणहून बोलायचं ते तेवढ्या एका तासात. बाकी वेळ रेडिओ बोलायचा. शेवटचं प्रकरण मात्र त्यांनी बाईंना दाखवलं नव्हतं. छापून आल्यावरच वाचा, म्हणाले होते.

पानं सापडली पाहिजेत, असं त्यांनी मनाशी घेतलं. ठकीसाठी, हे खरंच. पण चारच्या चहासाठीही, आणि ते त्यांनी स्वतःपाशी कबूल केलं.

३

गुरुवारी सकाळी सुमतीबाई कढई घासायला मागच्या अंगणात बसल्या. प्रभाकररावांच्या मागच्या पडवीत तांब्याचा जुना बंब होता. घरात गीझर असूनही त्यांना आंघोळीला बंबाचंच पाणी लागे. ठकी रोज सकाळी बंब पेटवायची, आणि त्याची राख कुंपणावरून सुमतीबाईंच्या डब्यात ओतायची. भांडी घासायला बाईंना दुसरं काही चालत नसे.

डब्यात हात घातला तर राख नेहमीची नव्हती. काळ्या पापुद्र्यांचा थरच्या थर होता. कागद फार झाला की बंब गुदमरतो आणि अर्धवट जळतं. बोटाला काहीतरी टोचलं. त्यांनी वर काढलं. टॅगचं पत्र्याचं टोक होतं. मग दुसरं सापडलं. मग तळाशी बोटभर कागद मिळाला, तिन्ही बाजूंनी जळलेला. त्यावर लाल शाईचा गोल होता आणि गोलात आकडा, सदतीस. पानाचा आकडा असा लाल गोलात घालायची खोड एकाच माणसाची होती. टेबलावरच्या दहा गठ्ठ्यांतलं एकही प्रकरण तीस पानांच्या वर नव्हतं.

म्हणजे ठकीनं जाळलंच!

कागद बाजूला ठेवून त्या उठल्या, हात धुतले, चहा टाकला, आणि चहा उतू जात असताना त्यांच्या लक्षात आलं. बुधवारी ठकी आलीच नव्हती. बुधवारी प्रभाकररावांनी गार पाण्यानं आंघोळ केली होती, तशी कुरकुर त्यांनी सगळ्यांदेखत केली होती. आजही बंब पेटला नव्हता. मग डब्यातली ही राख शेवटची पडली ती मंगळवारी सकाळी.

मंगळवारी सकाळी जी पानं राख झाली, ती मंगळवारी दुपारी चारच्या आधी कुणी वाचून कशी काढली?

४

ठकीची झोपडी सुकापूरच्या पलीकडे, वीटभट्टीच्या कडेला. सुमतीबाई उन्हातून चालत गेल्या. ठकी नेऱ्याहून नुकतीच परतली होती. बहिणीला मुलगी झाली म्हणून ती मंगळवारी संध्याकाळीच तिकडे गेली होती. गल्लीतली बातमी तिला वाटेतच कळली होती. तिचा नवरा बाळ्या दारात बसून होता, त्यानं मान वर केली नाही.

"ताय, मी चोर नाय," ठकी म्हणाली. "सायबांच्या घरातली सुई पन उचलली नाय कदी."

"मला माहीत आहे. मंगळवारी बंबात काय घातलंस?"

"टोपलीतलं कागद. लय व्हते. बंब धुरला, डोलं चुरचुरलं."

"अख्खे होते?"

ठकीनं असं पाहिलं, की बाईंनाच विचारल्याची लाज वाटली. "अख्खा कागद मी जालीन व्हय? बायसायबांनी शिकवलं हाय ना! फारलेला तो जालायचा. अख्खा दिसला, गटारात पडलेला आसला तरी पुसून टेबलावं ठेवायचा. मना वाचता नाय येत, पन फारलेला नि अख्खा कलतो."

फाडलेलाच कागद जाळायचा, हा नियम सुमतीबाईंनाही ठाऊक होता. फार वर्षांपूर्वी ठकीनं एक अख्खा लेख बंबात घातला होता, तेव्हा शशिकलाबाईंनी न ओरडता हा तोडगा काढला होता.

"टोपली बंबापाशी कुणी आणून ठेवली?"

"सायबांनीच. रोज मीच नेतं. त्या दिशी भरून ठेवलेली व्हती." ती थांबली. "ताय, त्यातच व्हती काय ती पानं? मीच जाललीन?"

सुमतीबाई उठल्या. वाटेत त्यांनी रुमालातून तो बोटभर कागद पुन्हा काढला. चौथी कड जळलेली नव्हती. कात्रीची नव्हती, कारण कडेला तंतू उभे होते. हातानं फाडलेली म्हणावी, तर ती सुतासारखी सरळ होती. लाकडी फूटपट्टी दाबून ओढून फाडलेला कागद तसा दिसतो. वर्तमानपत्राच्या कचेरीत कात्री कधी जागेवर सापडत नाही, म्हणून जुने बातमीदार तसं फाडायला शिकतात. तो हात सुमतीबाईंनी तीन वर्षं रोज पाहिला होता.

आता कोण ते कळलं होतं. का, ते कळत नव्हतं. सहा वर्षं राबून उभी केलेली गोष्ट माणूस आपल्या हातानं का फाडेल?

५

चारुतानं दार उघडलं आणि त्यांना पाहून ती गडबडली. खांदा कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांत पलंगावर सूटकेस उघडी होती. आभा आपले फ्रॉक घडी करत होती.

"मावशी, या ना. सगळा पसाराच आहे बघा. व्हिसा आला आमचा!"

"कधी?"

"परवा फोन आला, पासपोर्ट घेऊन या म्हणून. दोन वेळा रिजेक्ट झाला होता. दुसऱ्यांदा तर दूतावासातल्या माणसानं तोंडावर सांगितलं, तुमच्या सासऱ्यांना लिखाण जपून करायला सांगा. सत्यजीतला पण तिकडे बोलावून दम दिला होता. पुस्तक आलं तर नोकरी गेलीच, परत यावं लागलं असतं त्याला." तिनं घाईघाईनं सूटकेस बाजूला सारली. "पण मी ती पानं नाही घेतली हं, मावशी. आभाची शपथ. सोमवारी मी फक्त हात जोडले बाबांसमोर. चिडले होते ते माझ्यावर."

"परवा म्हणजे मंगळवार. फोन किती वाजता आला?"

"दुपारी. आभा शाळेतून आली तेव्हा, दीडला."

पानं गेल्याची बातमी जगाला कळली बुधवारी साडेनऊला. दूतावासातल्या माणसाला ती मंगळवारी दुपारी दीडलाच ठाऊक होती. सांगणारा एकच असू शकत होता.

"आजोबा आम्हाला पोचवायला येणारेत," आभा म्हणाली. "पण ते विमानात बसणार नाहीत. मी विचारलं, तर म्हणाले माझं काम आहे इथं."

सुमतीबाई रिक्षा न करता चालत निघाल्या. पुस्तक निघालं असतं तर मुलगा परत आला असता, नात इथंच राहिली असती. एकट्या म्हाताऱ्यानं पुस्तक जाळलं ते आपली माणसं जवळ राहावीत म्हणून नाही, ती दूर जाऊ शकावीत म्हणून. त्यांना रडू आलं. भर रस्त्यात पदर डोळ्याला लावून त्या उभ्या राहिल्या. आपण काही बोललोच नाही तर? चारला चप्पल घालावी, चहा घ्यावा, कुणाला काही कळणार नाही.

पण मग बाळ्याची ती खाली घातलेली मान त्यांना आठवली.

६

चार वाजता त्या पलीकडे गेल्या. प्रभाकररावांनी दोन कप काढले होते.

सुमतीबाईंनी रुमाल टेबलावर उलगडला. टॅगची दोन टोकं, बोटभर कागद. "मंगळवारी सकाळची राख आहे ही," त्या म्हणाल्या. "आणि चारुताला दीडला फोन आला होता."

प्रभाकररावांनी कागद उचलला नाही.

"अकरा वाजता मीच दूतावासात फोन केला," ते म्हणाले. "म्हटलं, ते प्रकरण आता नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला त्यांनी. चाळीस वर्षांत कमावलेली अब्रू अशी कामाला आली. मग चारला तुम्ही विचारलंत, वाचून झालं का. तोंडातून हो निघून गेलं. तुम्हाला काय सांगणार होतो? घाबरलो, असं?"

"घाबरलात यात काही गैर नाही. नातीसाठी मीही घाबरले असते. पण बुधवारी?"

"बुधवारी मी कुणाचं नाव घेतलं नाही."

"नाही घेतलंत. तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत." सुमतीबाई थांबल्या नाहीत. "रमावर चोरीचा आळ आला तेव्हा आपल्या साहेबांनी काय केलं, ते तुम्हीच मला या खुर्चीत बसून सांगितलंत. त्यांनीही तिचं नाव घेतलं नव्हतं. गप्प बसले होते. तुमच्याकडे ना लाल दिवा ना शिक्का. एक गप्प बसणं होतं, तेवढंच वापरलंत, आणि तीन घरांची चूल विझली."

चहा गाळणीतच राहिला. सुमतीबाई उठल्या. दारापाशी त्यांना वाटलं, प्रभाकररावांनी हाक मारावी. त्यांनी मारली नाही.

७

शुक्रवारी सकाळी प्रभाकरराव, मागोमाग तुळशीराम म्हात्रे आणि गल्लीतली पाचसहा माणसं अशी वरात सुकापूरच्या भट्टीवर गेली. म्हात्र्यांना प्रभाकररावांनीच उठवून नेलं होतं. सुमतीबाई सगळ्यांच्या मागे होत्या.

ठकी आणि बाळ्या विटांच्या रांगेपाशी उभे राहिले. भट्टीवरच्या बायाही काम टाकून आल्या. प्रभाकररावांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. रात्रभर बसून लिहिलेला असावा, खाली सही होती.

"यात सगळं लिहिलंय," ते म्हणाले आणि कागद पुढे केला.

ठकीनं तो घेतला. उलटून पाहिला. कागद अख्खा होता, म्हणून तिनं तो पदराला पुसला आणि जपून परत त्यांच्या हातात दिला.

"मना वाचता नाय येत, सायेब," ती म्हणाली. "तोंडानं सांगा."

आयुष्यभर लिहून बोलणाऱ्या त्या माणसानं कागद खिशात घातला. म्हात्र्यांकडे पाहिलं, बाळ्याकडे पाहिलं. खिडकी तिथं कुठं नव्हती.

"पानं मी फाडली," ते म्हणाले. "टोपलीत मी घातली. तू फाडलेलाच कागद जाळतेस हे मला ठाऊक होतं, म्हणून फाडली. मग तुझ्यावर आळ आला तेव्हा मी गप्प बसलो. तू चोर नाहीस. चूक माझी आहे. मला माफ कर."

म्हात्रे कानकोंडे होऊन विटा बघू लागले. "उद्यापासून या सगळ्या कामाला," ते पुटपुटले. बाळ्यानं तेव्हा कुठं मान वर केली.

ठकीनं पदर खोचला. मग म्हणाली, "कामाला येन. भांडी करन, झारू मारन. पन बंब आता तुमीच पेटवा, सायेब. तुमच्या घरातला कागद मी नाय जालनार."

चारुता आणि आभा त्या रविवारी गेल्या. सोमवारी सकाळी सुमतीबाईंना पलीकडून धुराचा वास आला. बंब काही पेटत नव्हता, नुसता धुरत होता, आणि त्याच्यासमोर कुणीतरी खोकत बसलं होतं. तासाभरानं कुंपणावरून राखेचा डबा पुढे आला. धरणारा हात शाईच्या डागांचा होता.

सुमतीबाईंनी डबा घेतला. राख पांढरीशुभ्र, लाकडाची होती, तिच्यात कागद नव्हता.

"हवा खालून द्यायची असते," त्या म्हणाल्या. "वरून नाही."

"बरं," पलीकडून आवाज आला.

दुपारी चार वाजता सुमतीबाईंनी रेडिओ लावला. मग बंद केला. पलीकडेही सामसूम होती. त्यांनी आपल्यापुरता एक कप चहा टाकला आणि तो उकळेपर्यंत ओट्यापाशी उभ्या राहिल्या.